लिलावातले घर, आतली माणसे आणि विमा

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरी आटोपून आम्ही पाण्याचा शेवटचा घोट घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक ओळखीचा मुलगा घाईघाईने बोलत होता, "सर, तुमच्या घरातून धूर येतोय." आम्ही बसलो होतो ते विजापूर वेशीजवळचे भाड्याचे घर, आणि तिथे धूर नव्हता. तो बोलत होता ते दुसरे घर. कागदावर ते आमचे होऊन तीन आठवडे झाले होते, पण त्याच्या चाव्या आमच्याकडे नव्हत्या. आत दुसरेच कुटुंब राहत होते.

स्कूटरवरून पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी वाळू टाकून आग विझवली होती. मीटरच्या बोर्डापासून सुरू झालेली आग स्वयंपाकघराच्या पत्र्यापर्यंत गेली होती. माणसे सुखरूप होती, अल्हम्दुलिल्लाह. एक भिंत काळी पडली होती, पत्रा वाकला होता, सगळी वायरिंग जळाली होती. म्हाताऱ्या खाला अंगणात खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांची सून जळालेल्या फॉल-पिकोच्या मशीनकडे बघत उभी होती. त्या मशीनवर घरात चार पैसे येत होते.

त्या सकाळी आम्हाला दोन प्रश्न पडले. नुकसान कुणाचे? आणि या घराचा विमा कुणी काढायला हवा होता? पहिल्याचे उत्तर लगेच मिळाले: आमचे. दुसऱ्याच्या शोधात पुढचा महिना गेला. वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या नजरेला बँकांच्या लिलावाच्या जाहिराती पडत असतील, कुणी पैसे भरण्याच्या बेतातही असेल. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आम्ही दोघेही शिक्षक. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे निकाहाच्या वेळीच ठरले होते. वीस वर्षे साठवले, थोडे सोने मोडले, मामूंनी आणि एका मित्राने कर्जे हसना दिले. एवढ्या पैशात सोलापुरात चालू भावाने बरे घर मिळेना. अशात वर्तमानपत्रात एका बँकेची ई-लिलावाची नोटीस दिसली. नई जिंदगी भागातले ५६० चौरस फुटांचे बैठे घर, राखीव किंमत १८ लाख. बोली १८ लाख ६० हजारांवर थांबली आणि ती आमची होती.

हे लिलाव सरफेसी कायद्याखाली होतात. २००२ चा हा कायदा बँकेला कोर्टात दावा न लावता तारण विकू देतो. कर्ज थकले की बँक कलम १३(२) ची नोटीस देते आणि कर्जदाराला ६० दिवस मिळतात. त्यानंतर ताबा, मग विक्रीची नोटीस, मग लिलाव. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले आणि ५ मे २०२० रोजी निकाल लागला की लागू होतो. सहकारी बँकांवर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्यात अशा जाहिराती एवढ्या का दिसतात, त्याचे एक कारण हे.

बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरावी लागते. बाकीची विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून घेता येते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जातात. आम्ही वेळेत भरले आणि फेब्रुवारीअखेर विक्री प्रमाणपत्र हातात पडले. पेढे वाटले. प्रमाणपत्राच्या आधीच्या कागदांत एक शब्द होता, तो आम्ही वाचला होता, पण त्याचे वजन कळले नव्हते. तो शब्द म्हणजे 'सांकेतिक ताबा'.

सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात छापली, झाले. आतले माणूस आतच. जाहिरातीत 'जसे आहे, जिथे आहे' असेही लिहिलेले असते. त्यात घराची पट्टी, विजेची बाकी आणि आत राहणारे कुटुंब हे सगळे येते. विजेच्या बाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले आहे की जुन्या मालकाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून मागण्याची तरतूद वीज नियमांत असेल तर ती मागता येते. बोली लावण्याआधी महावितरणच्या आणि महापालिकेच्या खिडकीवर जाऊन बाकी विचारायला अर्धा दिवस लागतो. आम्ही तो अर्धा दिवस वाचवला आणि नंतर पस्तावलो.

प्रत्यक्ष ताबा मिळवायचा तर कलम १४ खाली बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कायद्यात हुकमासाठी ३० दिवस आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस सांगितले आहेत. अर्ज बँकेचा, खरेदीदाराचा नाही. एकदा घर विकले की बँकेला हा अर्ज करता येतो का, हाही वादाचा विषय होता आणि तो मिटला गोव्यातल्या एका प्रकरणात. आरोशीच्या किनाऱ्यावरचे पार्क हयात हे पंचतारांकित हॉटेल २०१५ साली लिलावात ५१५ कोटी ४४ लाखांना आयटीसीने घेतले. जुनी कंपनी आतच होती आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने विक्री कायम केली आणि सांगितले की सांकेतिक ताब्यावर विक्री झाली असेल तर त्यानंतरही बँक कलम १४ चा अर्ज करू शकते. एवढ्या मोठ्या कंपनीला तीन वर्षे लागली, हे वकिलांकडून ऐकल्यावर आमचा जीव थोडा खाली बसला आणि थोडा वरही आला.

या मधल्या काळात घर कुणाच्या जोखमीवर उभे असते? वकिलांनी सरळ सांगितले, मालकी तुमच्याकडे आली त्या दिवसापासून पडझडही तुमची. साध्या खरेदीतसुद्धा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये हेच आहे, मालकी गेल्यानंतरचे नुकसान घेणाऱ्याचे. आम्ही भाबडेपणाने बँकेत विचारायला गेलो की तारण घराचा विमा असेलच ना? होता. कर्जदाराच्या नावे होता, आणि कर्ज थकल्यावर हप्ताही थकला होता. चालू असता तरी आमचे नाव त्यात नव्हते. तेव्हा आगीचा खर्च आम्ही केला, ४१ हजार रुपये. आत लेकरे होती, जळक्या तारांखाली त्यांना कसे ठेवणार?

मग विमा. नात्यातला एक एजंट घरी आला. फॉर्म भरता भरता एका रकान्यावर थांबला: घराचा वापर कोण करते? आम्ही खरे सांगितले. तो हसला. "भाईजान, 'स्वतः' लिहून टाका. कोण बघायला येतंय?" हप्ता तेवढाच, फॉर्म साफ, काम दहा मिनिटांचे. खोटे कशाला सांगावे, मोह झाला. पण बघायला येतात, ते नुकसान झाल्यावर. सर्व्हेअर येतो, पंचनामा मागतो, शेजाऱ्यांना विचारतो, वीज बिलावरचे नाव पाहतो. विम्याचा करार पूर्ण सचोटीवर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपवली असे निघाले तर कंपनी दावा फेटाळू शकते, आणि तेव्हा आपल्याकडे बोलायला तोंड नसते. वर्गात मुलांनी कॉपी केली तर आम्ही कान धरतो. त्याच पेनाने 'स्वतः' लिहायचे?

आम्ही फॉर्म परत घेतला आणि सोबत एका पानाचे पत्र जोडले. घर लिलावात घेतले आहे, विक्री प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे, आत पूर्वीच्या मालकाचे कुटुंब राहते, प्रत्यक्ष ताबा मिळायचा आहे, वायरिंग नवीन केली आहे, ताबा मिळताच कळवू. एका कंपनीने कळवतो म्हणून कळवलेच नाही. दुसऱ्या कंपनीचा माणूस घर पाहून गेला, खालांशीही बोलला, आणि एप्रिलमध्ये फक्त इमारतीचा विमा झाला. पोचपावतीचा शिक्का असलेली पत्राची प्रत आम्ही पॉलिसीला टाचून ठेवली आहे. विमा घेताना सर्वांत मोलाचा कागद कोणता असे कुणी विचारले तर आम्ही तीच दाखवू.

घेतली ती 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरासाठी ही एकसारखी पॉलिसी ठेवावी, असा विमा नियामकाचा आदेश आहे. त्यामुळे कलमे कुठेही तीच, हप्ता तेवढा वेगळा. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दंगल, हेतुपुरस्सर केलेले नुकसान, टाकी किंवा नळ फुटणे, दहशतवाद हे सगळे त्यात येते. विम्याची रक्कम ठरवताना मात्र बहुतेकांची गल्लत होते. आम्हीही १८ लाख ६० हजारच लिहायला निघालो होतो. त्यातली बरीच किंमत जागेची, आणि जागा जळत नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा काढायचा. आमच्या गवंड्याने चौरस फुटाला १,८०० रुपये सांगितले. ५६० ने गुणले तर १० लाख ८ हजार. तेवढाच विमा. वर्षाचा हप्ता आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलापेक्षा कमी आला. इतकी वर्षे आपण 'विमा परवडत नाही' म्हणत होतो, त्याची थोडी शरम वाटली.

इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला या पॉलिसीत आपोआप संरक्षण मिळते. पण ते आपल्या सामानाला. खालांची खाट, सुनेचे मशीन, मुलांची दप्तरे ही आमची नव्हेत. भिंती आमच्या, भिंतींच्या आतला संसार त्यांचा. त्या संसाराचा विमा त्या स्वतः काढू शकत होत्या, जसा भाडेकरू स्वतःच्या सामानाचा काढतो, पण घर गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते कलम. दंगल आणि हेतुपुरस्सर नुकसान या जोखमीच्या खालीच पॉलिसी म्हणते की कुणी बेकायदा कब्जा केल्यामुळे तात्पुरता किंवा कायमचा ताबा गेला, तर ते नुकसान मिळणार नाही. जुन्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीतही हा अपवाद होता. म्हणजे आतले माणूस निघत नाही, आपल्याला वर्षभर दुसरीकडे भाडे भरावे लागते, वकील लावावा लागतो, यातला एक रुपयाही विमा देत नाही. विमा विटांचा असतो. रागाच्या भरात कुणी आग लावली किंवा भिंत पाडली, तर ते हेतुपुरस्सर नुकसानीत बसते. पण जाताना दारे, नळ, पंखे काढून नेले तर? चोरीचे संरक्षण या पॉलिसीत आहे, पण आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेल्या चोरीलाच. नुसती उचलेगिरी त्यात नाही. तेव्हा ताबा मिळायच्या आत घराचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत, तेही आतल्या लोकांना सांगून, चोरून नव्हे.

अपवाद आणखी एक, उलट बाजूचा. जुन्या अग्निविमा पॉलिसीत इमारत ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर विमा लागू राहत नसे. ज्यांच्याकडे अजून त्या धर्तीची पॉलिसी आहे, दुकानाची किंवा गोदामाची, त्यांनी ताबा मिळाल्यावर कुलूप लावून महिनोन्महिने बसू नये; कंपनीला आधी कळवावे. रिकामे घर आणि दुसऱ्याच्या ताब्यातले घर, विमा कंपनीला दोन्ही नकोशी.

दावा फेटाळला आणि कंपनीत दाद लागली नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे फी न भरता करता येते, वकीलही लागत नाही.

काही वाचक म्हणतील, विमाच मुळात जायज आहे का? प्रश्न खरा आहे आणि आम्ही मुफ्ती नाही. व्याज आणि अनिश्चितता या दोन कारणांनी बरेच उलमा प्रचलित विम्याला हरकत घेतात. हिंदुस्थानातल्या काही फिक्ही मजलिसांनी इथली परिस्थिती आणि दंगलींची भीती पाहून जान-मालाच्या विम्याला गरजेपुरती सवलतही दिली आहे. मलेशियाने १९८४ साली तकाफुलचा कायदा केला. आपल्याकडे घरासाठी तसा पर्याय बाजारात नाही. आम्ही आमच्या मौलानांना विचारून ठरवले. त्यांनी विम्याबद्दल दोन वाक्ये सांगितली आणि उरलेला अर्धा तास खालांबद्दल विचारले. त्या कुठे जाणार? मुलगा काय करतो? तुम्ही त्यांच्या घरी बसून बोललात का?

बोललो होतो, पण उंबऱ्यावर उभे राहून. नोटिसा हातात घेऊन. त्या दिवशी आत गेलो. खालांचे मरहूम शौहर गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर मुलाने दोन यंत्रमाग टाकले, टॉवेल काढले, घर तारण ठेवले. पुढचे सोलापूरकरांना सांगायला नको. खाला म्हणाल्या, "मास्टर, घर तुम्हारा हो गया, मालूम है हमकू. पर बच्चों की परीक्षा होने देव. मेरी मय्यत रस्ते पे नको निकलने देव." आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही काही त्यांचे घर हिसकावले नव्हते, कर्जही दिले नव्हते. तरी त्या खोलीत बसून चहा घेताना तो कपात बराच वेळ तसाच राहिला.

लोकांनी सल्ले दिले. पाणी तोडा, कुलूप बदला, दोन पोरे उभी करा. यातले एकही करू नये. एक तर ते जुलूम आहे. दुसरे म्हणजे कायद्याच्या वाटेने न जाता कुणाला बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली तो माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मालकी कुणाचीही असो. आणि विम्याच्या बाजूने पाहिले तर झटापटीत घराचे नुकसान झाले आणि त्यात आपला हात निघाला, तर दावाही जातो.

आम्ही बँकेला कलम १४ च्या अर्जासाठी लेखी कळवले, ते सोडले नाही. दुसरीकडे खालांच्या मुलाशी लेखी समझोता केला. मुलांच्या वार्षिक परीक्षा, मग बकरी ईद, त्यानंतर घर सोडायचे. सामान हलवायला आणि नव्या जागेच्या अनामतीला आम्ही ४० हजार द्यायचे, अर्धे सही करताना, अर्धे चाव्या देताना. शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पवर केले, दोन साक्षीदार घेतले. कुणी म्हणाले, दुप्पट पैसे घातले तुम्ही. असतील. बायकोने, म्हणजे आमच्यातल्या हिशेबी माणसाने, आपल्या वाट्याच्या पैशातून सुनेला फॉल-पिकोचे जुने मशीन वेगळे घेऊन दिले. ते समझोत्यात नव्हते.

मध्ये १८ मे २०२५ चा दिवस आला. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ माणसे गेली. मालकाचे कुटुंब कारखान्यातच राहत होते. त्या दिवशी सगळे सोलापूर सुन्न होते. संध्याकाळी खालांचा मुलगा आपणहून आमच्याकडे आला. म्हणाला, सर, ती नवी वायरिंग तुम्ही केली नसती तर? त्याला पुढे बोलता आले नाही आणि आम्हालाही.

जूनच्या मध्याला त्यांनी घर सोडले. दारे-खिडक्या जशाच्या तशा होत्या; अंगणातल्या लिंबाला खालांनी जाताना पाणी घातले होते. त्यांना मुळेगाव रस्त्याला दोन खोल्या मिळाल्या आहेत. आम्ही त्याच आठवड्यात विमा कंपनीला पत्र दिले की आता घरात आम्ही राहतो. सामानाचे संरक्षण तेव्हापासून आमच्या कामाचे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेच्या पुराने माढा, मोहोळ भागात घरे पाण्याखाली गेली आणि आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे गावाकडचे घरही गेले. त्याने आम्हाला विचारले, तुमचा तो विमा पुराला चालतो का? चालतो, म्हणालो. त्याचे घर अजून वडिलांच्या नावावर आहे, राहतात दोन भाऊ, पट्टी तिसऱ्याच्या नावे. फॉर्मवर काय लिहायचे हे पाहायला तो येत्या रविवारी कागद घेऊन येणार आहे.